राष्ट्राला ईश्वराचा आशीर्वाद : मागणे आणि हक्क सांगणे

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, त्याचे महत्त्वाचे भाषण बहुधा एकाच वाक्याने संपते : ‘गॉड ब्लेस अमेरिका’. श्रोत्यांच्या कानांना हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की, त्याच्या अर्थाकडे कोणी थांबून पाहत नाही. ईश्वराने या देशाला आशीर्वाद दिला आहे, असे हे वाक्य सांगते, की तो द्यावा, अशी विनवणी करते? व्याकरणाच्या दृष्टीने ती विनवणी आहे. राजकारणात मात्र ती पुष्कळदा मिळालेल्या आशीर्वादाची पावती म्हणून दाखवली जाते. ख्रिस्ती धर्मविचाराने या दोन अर्थांत मोठे अंतर मानले आहे. हे अंतर जेव्हा पुसले गेले, तेव्हा त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागली. गोव्याच्या भूमीलाही हा अनुभव परका नाही.

बायबलमधील मूळ

राष्ट्राला मिळणाऱ्या आशीर्वादाची कल्पना बायबलच्या जुन्या करारातून येते. ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर अब्राहामाला आपला देश सोडून निघण्यास सांगतो आणि त्याच्यापासून मोठे राष्ट्र निर्माण करण्याचे वचन देतो. या वचनाचा शेवट महत्त्वाचा आहे. अब्राहामाच्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे निवड एकाची असली, तरी तिचे प्रयोजन सर्वांसाठी आहे.

‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वादाला अटी जोडलेल्या दिसतात. आज्ञा पाळल्यास शेत, गोठा, घर आणि सीमा यांची भरभराट होईल, हे सांगायला तेथे पहिल्या चौदा ओव्या पुरतात. आज्ञा मोडल्यास काय होईल, हे सांगण्यासाठी मात्र पुढील चोपन्न ओव्या खर्ची पडल्या आहेत. या अध्यायाचा पहिला भाग राजकीय व्यासपीठांवर वाचला जातो, दुसरा सहसा वाचला जात नाही.

राष्ट्रीय प्रार्थनासभांमध्ये सर्वाधिक उद्धृत होणारे वचन तेहतिसाव्या स्तोत्रातील बारावे आहे. ज्या राष्ट्राचा देव परमेश्वर आहे, त्याला ते धन्य म्हणते. येथील मूळ हिब्रू शब्द ‘अश्रे’ आहे, आशीर्वादासाठीचा ‘बेराखा’ नव्हे. ‘अश्रे’ म्हणजे सुखी, धन्य. तो एका स्थितीचे वर्णन करतो, वरदानाची घोषणा करत नाही. त्याच स्तोत्रात चार ओव्यांनंतर सांगितले आहे की, कोणताही राजा मोठ्या सैन्यामुळे वाचत नाही आणि विजयासाठी घोड्यावर विसंबणे व्यर्थ आहे. लष्करी संचलनाच्या प्रसंगी पहिले वचन घेऊन दुसरे वगळणे सोयीचे असते, पण स्तोत्र एकच आहे.

आमोसाचा आक्षेप

आशीर्वादाचा दावा प्रथम तपासला तो स्वतः इस्राएलच्या संदेष्ट्यांनी. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत, उत्तरेकडील राज्य समृद्ध होते. सण थाटात होत, अर्पणे भरपूर येत आणि ही भरभराट देवाच्या कृपेचीच खूण आहे, असे लोक मानत. अशा वेळी आमोस नावाचा मेंढपाळ बेथेलच्या मंदिरात आला. गरिबांना जोड्याच्या मोलाने विकणारे आणि खोट्या तराजूने धान्य मोजणारे लोक सण साजरे करतात, हे देवाला नको आहे, असे त्याने सांगितले. निवडलेल्या लोकांचा हिशेब इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे होईल, हेही त्याने बजावले. त्याच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात तर इस्राएलला मिसरातून काढणाऱ्या देवानेच पलिष्ट्यांना आणि अराम्यांनाही त्यांच्या मूळ स्थानांतून बाहेर आणले, असे म्हटले आहे. शत्रुराष्ट्रांनाही त्याच देवाचा इतिहास आहे, हा विचार त्या काळी धक्कादायक होता.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला निघून जायला सांगितले. त्याचे कारण असे की, हे राजाचे पवित्रस्थान आहे. धर्मस्थान देवाचे न राहता राजाचे झाले की काय होते, हे या एका कारणात सामावले आहे. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास असीरियाने ते राज्य नष्ट केले.

सम्राट ख्रिस्ती झाला तेव्हा

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोक सत्तेबाहेर होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करण्याचा उपदेश आहे. हे राजे ख्रिस्ती नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या तर्तुलियनाने या भूमिकेची मर्यादा स्पष्ट केली : ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतील, सम्राटाची प्रार्थना करणार नाहीत.

३१२ मध्ये कॉन्स्टन्टाईनने क्रुसाच्या चिन्हाखाली लढाई जिंकली, असे मानले गेले. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० मध्ये थिओडोसियसने तो साम्राज्याचा धर्म ठरवला. कैसरियाचा बिशप युसेबियस याला कॉन्स्टन्टाईनच्या राज्यात ईश्वरी योजनेची पूर्तता दिसली. या समीकरणात एक धोका होता. साम्राज्य टिकणे हा आशीर्वादाचा पुरावा असेल, तर ते कोसळणे कशाचा पुरावा ठरेल?

४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटले आणि हा प्रश्न समोर उभा राहिला. जुन्या देवांना सोडल्यामुळेच ही वेळ आली, असे अनेक रोमन म्हणू लागले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या ‘ईश्वराचे नगर’ या बावीस खंडांच्या ग्रंथातून उत्तर दिले. पृथ्वीवरील राज्ये देव सज्जनांना देतो, तशी दुर्जनांनाही देतो. म्हणून विजय आणि पराजय यांवरून त्याची मर्जी ओळखता येत नाही. न्याय काढून घेतला, तर राज्य आणि मोठी दरोडेखोर टोळी यांत फरक उरत नाही. ज्याने न्यायाने राज्य केले, क्षमा केली आणि आपण मनुष्य आहोत हे जो विसरला नाही, तोच सम्राट धन्य. दीर्घ कारकीर्द किंवा शत्रूचा नाश ही त्या धन्यतेची खूण नव्हे. पुढे या विषयावर झालेला बहुतेक ख्रिस्ती विचार युसेबियस आणि ऑगस्टीन या दोन टोकांमध्येच फिरत राहिला आहे.

पाच ढाली आणि गोवा

पोर्तुगालने युसेबियसची वाट धरली. ११३९ मध्ये ओरिक येथील लढाईपूर्वी अफोन्सो एन्रिकेश याला ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि त्याच्या वंशाला राज्य मिळाले, अशी आख्यायिका तेथे रूढ झाली. पोर्तुगीज ध्वजावरील पाच निळ्या ढालींचा संबंध परंपरेने ख्रिस्ताच्या पाच जखमांशी जोडला. कामोइंश यांनी १५७२ च्या ‘लुसियाद’ महाकाव्यात ही कथा गुंफली. आलेशांद्रे एर्कुलानो या इतिहासकाराने १८४६ मध्ये आपल्या पोर्तुगालच्या इतिहासात या चमत्काराला स्थान नाकारले, तेव्हा धर्मगुरूंचा मोठा रोष त्याने ओढवून घेतला. लढाईनंतर सात शतकांनीही या आख्यायिकेचे राजकीय मोल संपलेले नव्हते.

या श्रद्धेला कायद्याचे रूप १४५५ मध्ये मिळाले. पाचवा निकोलस या पोपने त्या वर्षीच्या आज्ञापत्रात पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि त्यापलीकडे जिंकण्याचे व व्यापाराचे अधिकार मान्य केले. पुढे ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेत बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क आणि चर्चच्या खर्चाची जबाबदारी राजाकडे आली. १५१० मध्ये गोवा जिंकला गेला, १५३४ मध्ये येथे धर्मप्रांत उभा राहिला आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. ते १८१२ पर्यंत चालले. त्याची झळ हिंदूंना लागली, तशीच, किंबहुना अधिक थेटपणे, नवख्रिस्ती गोमंतकीयांना लागली.

आशीर्वादित राष्ट्राच्या कक्षेत आलेल्या सर्वांना समान मान मिळाला नाही. स्थानिक धर्मगुरूंना वरची पदे नाकारली जात. १७८७ मध्ये उघडकीस आलेल्या पिंटोंच्या कटात अग्रभागी असलेल्यांत गोमंतकीय धर्मगुरू होते, हा योगायोग नव्हता. एकाच वेदीपुढे उभे राहूनही वर्ण आणि जन्मभूमी आड येते, हा त्यांचा अनुभव होता.

विसाव्या शतकात सालाझारच्या राजवटीने ७ मे १९४० रोजी व्हॅटिकनशी करार केला. गोवा हा पूर्वेकडील कॅथलिक संस्कृतीचा बुरूज आहे आणि त्यावरील पोर्तुगीज सत्ता हे धर्मकार्य आहे, असा प्रचार ही राजवट करत राहिली. त्याला उत्तर कॅथलिक कुटुंबांत जन्मलेल्या गोमंतकीयांनीही दिले. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा आणि १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांबरोबर उभे राहिलेले डॉ. ज्युलिआंव मिनेझिस ही त्यांतील ठळक नावे आहेत. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू बाराव्या पायस या पोपना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, यावर पोपही सहमत असल्याचे त्यांनी रोममध्ये सांगितले. लिस्बनच्या दाव्याचा धार्मिक आधार त्यामुळे कमकुवत झाला.

टेकडीवरील नगर

अमेरिकेची कथा १६३० पासून सांगितली जाते. इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या प्युरिटनांपुढे जॉन विन्थ्रॉप याने केलेल्या प्रवचनात, मत्तयाच्या शुभवर्तमानातील टेकडीवरील नगराची प्रतिमा येते. आज ती अभिमानाने उच्चारली जाते. विन्थ्रॉपच्या प्रवचनात ती ताकीद होती : सर्वांचे डोळे आपल्यावर असतील, म्हणून आपण कराराला चुकलो, तर जगभर आपली नाचक्की होईल. हे प्रवचन १८३८ मध्ये छापले जाईपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नव्हते. रोनाल्ड रेगन यांनी त्या नगराला ‘लखलखते’ हे विशेषण जोडले आणि ताकीद मागे पडून गौरव उरला.

अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना ईश्वराचे आवाहन करत नाही आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई करते. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने शासनमान्य धर्म स्थापण्याचा अधिकार संसदेला नाकारला. याउलट, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी १८६१ मध्ये जी घटना केली, तिच्या सरनाम्यात सर्वशक्तिमान ईश्वराच्या कृपेचे आवाहन आवर्जून घातले होते. घटनेत ईश्वराचे नाव असणे हा न्यायाचा पुरावा होऊ शकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

गुलामगिरीतून सुटलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस याने ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे, स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने, हाच प्रश्न विचारला. स्वातंत्र्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या देशात लाखो माणसे साखळदंडांत असतील, तर त्या प्रार्थना देवाला कशा ऐकू जातील, हा त्याच्या भाषणाचा रोख होता. तेरा वर्षांनी, ४ मार्च १८६५ रोजी, अब्राहम लिंकन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा शपथ घेतली. विजय दृष्टिपथात होता आणि तो देवाचा आशीर्वाद म्हणून जाहीर करण्यास कोणतीच अडचण नव्हती. लिंकन यांनी तसे केले नाही. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध साहाय्य मागतात, दोघांचीही प्रार्थना पूर्ण फळणे शक्य नाही, असे ते म्हणाले. हे युद्ध गुलामगिरीच्या पापाबद्दल उत्तर आणि दक्षिण या दोघांनाही झालेली शिक्षा असू शकेल, ही शक्यता त्यांनी मांडली. विजेत्या राष्ट्राच्या प्रमुखाने आपल्याच बाजूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याची अशी उदाहरणे विरळ आहेत. दीड महिन्याच्या आत त्यांची हत्या झाली.

नाणे, प्रतिज्ञा आणि गीत

‘इन गॉड वी ट्रस्ट’, म्हणजे ‘आमचा ईश्वरावर भरवसा आहे’, हे शब्द १८६४ मध्ये प्रथम दोन सेंटच्या नाण्यावर आले. ते अमेरिकेचे अधिकृत ब्रीद झाले १९५६ मध्ये. ध्वजाला वाहिलेली प्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलमी या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने लिहिली, तेव्हा तिच्यात ईश्वराचा उल्लेख नव्हता. ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द १४ जून १९५४ रोजी, आयझेनहॉवर यांच्या काळात, जोडले गेले. त्यामागे शीतयुद्ध होते. निरीश्वरवादी सोव्हिएत संघापासून आपला वेगळेपणा दाखवण्याची ती खूण होती.

‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे गीत आयर्विंग बर्लिन यांचे. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या या ज्यू स्थलांतरिताने ते १९१८ मध्ये लिहिले, बाजूला ठेवले आणि १९३८ मध्ये, युरोपवर युद्धाचे ढग असताना, दुरुस्त करून पुढे आणले. आश्रय मिळालेल्या माणसाची ती कृतज्ञ प्रार्थना होती. भाषणाची सांगता म्हणून हे शब्द रूढ झाले ते फार उशिरा. अभ्यासकांच्या नोंदीनुसार, राष्ट्राला उद्देशून केलेल्या मोठ्या भाषणाचा शेवट या शब्दांनी प्रथम रिचर्ड निक्सन यांनी केला, तो ३० एप्रिल १९७३ रोजी, वॉटरगेट प्रकरणावरील भाषणात. रेगन यांच्यापासून तो प्रघात झाला.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ मध्ये या साऱ्याला ‘नागरी धर्म’ म्हटले. या संज्ञेचे मूळ रूसोच्या १७६२ च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात आहे. बेला यांच्या मते नागरी धर्म राष्ट्राची पूजा होऊ शकतो, तसाच राष्ट्राला उच्चतर न्यायासमोर उभे करणारा निकषही होऊ शकतो. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाईड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाचा निषेध केला, तो या दुसऱ्या परंपरेतून. त्यांच्यावर चोहोबाजूंनी टीका झाली. बेथेलमधून आमोसाला घालवून देणाऱ्या अमस्याची ही आधुनिक आवृत्तीच म्हणावी लागेल.

दावा टोकाला गेल्यावर काय होते, हे जर्मनीने दाखवले. ‘देव आमच्यासोबत’ हे शब्द जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या बकलावर दोन्ही महायुद्धांत कोरलेले होते. नाझी सत्तेशी जुळवून घेणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीला राष्ट्राच्या उत्थानात ईश्वराचा हात दिसत होता. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंटांनी, प्रामुख्याने कार्ल बार्थ यांनी लिहिलेल्या घोषणापत्रातून, हा विचार नाकारला. चर्चने ऐकावा असा शब्द ख्रिस्ताचा आहे, कोणत्याही नेत्याचा नाही, ही त्यांची भूमिका होती.

भारताचा निर्णय

भारतासमोर हा प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आला. घटना समितीत सरनाम्यावर चर्चा सुरू असताना हरी विष्णू कामत यांनी त्याची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी, अशी दुरुस्ती मांडली. ईश्वराचे अस्तित्व मतदानाला टाकू नये, अशी विनंती सभागृहात झाली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धावानही होते. कोणाच्याही श्रद्धेवर सक्ती नको, हा त्यांचा मुद्दा होता. कामत यांनी आग्रह धरला, मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या आहेत. पदग्रहण करणारा ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेऊ शकतो किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करू शकतो. ईश्वराचे नाव घेण्याचा अधिकार व्यक्तीला आहे, राज्य ते सर्वांच्या वतीने घेत नाही.

याच भूमिकेचा एक धागा १९८६ च्या निकालात दिसतो. श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या, पण त्या वेळी आदराने उभे राहणाऱ्या केरळमधील तीन ख्रिस्ती विद्यार्थ्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ध्वजवंदनाची सक्ती अमान्य केली होती.

मराठी ख्रिस्ती परंपरेतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये निधन होईपर्यंत देशभक्तिपर कविताही लिहिल्या. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, ही त्यांची धारणा होती. इंग्रजी राज्याला ख्रिस्ताचे राज्य मानण्यास नकार देऊन त्यांनी श्रद्धा आणि साम्राज्य यांची फारकत आपल्यापुरती पूर्ण केली.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलला हद्दपार झालेल्या लोकांना यिर्मयाने एक पत्र पाठवले. ते त्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. ज्या परक्या नगरात तुम्ही आहात, त्याचे कल्याण शोधा आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या स्वास्थ्यातच तुमचे स्वास्थ्य आहे, असा त्याचा आशय आहे. ते नगर निवडलेले नव्हते आणि त्याचा राजा श्रद्धावान नव्हता. तरीही त्यासाठी आशीर्वाद मागायचा होता, कारण तेथे माणसे राहत होती.

१५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन आहे, तसाच कॅथलिक पंचांगात मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही आहे. त्या सकाळी चर्चमध्ये देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. राज्यकर्ते कोणत्या धर्माचे आहेत, हे त्या प्रार्थनेत विचारले जात नाही. ती विनवणी असते. तिचा हक्क झाला, की बेथेलचे मंदिर पुन्हा राजाचे होते.